तांबूलकरंक आणि चिरूटपेटी

गेल्या चैत्रात सौंसर भागातील एका लहानशा देवस्थानाच्या पंचमंडळींपुढे वरवर किरकोळ वाटणारा एक प्रश्न आला. देवाच्या तांबुलाची पाने ठेवण्याचा पितळी डबा जुना झाला होता; बिजागरी तुटली होती, आतील कल्हई पार उडाली होती, आणि पानांच्या कडांना हिरवट डाग पडू लागले होते. एका उत्साही सभासदाने घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणून दिला. चौथ्या दिवशी पुजाऱ्यांनी तो उघडला तेव्हा पाने काळी पडून चिकट झाली होती. त्या दिवशी देवापुढे विडा ठेवता आला नाही, तांबुलाऐवजी अक्षता वाहाव्या लागल्या. मग चर्चा सुरू झाली : नवा डबा घ्यावयाचा तर कोणता, आणि तो पारखावयाचा कसा?

प्रस्तुत लेखक त्या चर्चेस हजर होता. घरी परतल्यावर जे वाचले, ताडून पाहिले, त्याचा हा गोषवारा आहे. पान जपणारी पेटी ही वस्तू क्षुल्लक खरी. पण तिच्या मागे नऊशेहून अधिक वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि समुद्रापलीकडील एका दुसऱ्या पानाची दुसरी पेटी तिच्याशेजारी ठेवून पाहिली म्हणजे आपल्या पूर्वजांनी काय ओळखले होते तेही ध्यानात येते.

जाम खोऱ्यातील एक गाव

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघाले म्हणजे महाराष्ट्राची सीमा ओलांडताच लोधीखेडा लागते. जाम नदीच्या या खोऱ्यावर आधी देवगडच्या गोंड राजांची सत्ता होती. अठराव्या शतकाच्या मध्यास ती नागपूरकर भोसल्यांकडे आली आणि १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेली. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, कचेरीची भाषा बदलली. घरातील भाषा मराठीच राहिली, आणि पूजेच्या ताटातील दोन पाने व सुपारीही तशीच राहिली.

इंग्रजी अमदानीत लोधीखेड्याची ख्याती दोन धंद्यांसाठी होती : एक हातमागाचे कापड आणि दुसरा तांब्यापितळेची भांडी. जेथे तांबट-कासारांचे हातोडे चालतात तेथे घागर, गुंड, परात यांच्या जोडीला पानाचा डबाही घडत असणार, असे समजण्यास हरकत नाही. कारण ज्या घरी पाहुण्यापुढे पानाचे तबक येत नाही ते घर त्या काळी दरिद्री गणले जाई. पूर्वेकडे रामटेकच्या परिसरात पानमळे, आणि भंडाऱ्यास पितळेच्या भांड्यांचा नामांकित धंदा. पान पिकविणारा बारई, ते विकणारा तांबोळी आणि ते जपण्याचे भांडे घडविणारा कासार असे तिघेही या मुलखात हाकेच्या अंतरावर नांदत होते.

बारई समाजात पानवेलीविषयी एक कथा सांगतात. पांडवांना यज्ञासाठी तांबूल हवा होता आणि पृथ्वीवर तो कोठेच मिळेना. तेव्हा पाताळातील नागराणीने आपल्या करंगळीचे पेर कापून दिले, ते जमिनीत पुरले, आणि त्यातून जी वेल उगवली ती नागवेल. म्हणून नागपंचमीस हे लोक पानमळ्यात जाऊन पूजा करीत. जे पान देवतेच्या बोटापासून झाले ते वाळू देणे किंवा कुजू देणे हा नुसता पैशाचा तोटा नव्हे, ही भावना त्या कथेत आहे.

करंक आणि त्याचे वाहक

संस्कृतात पानाच्या पेटीस ‘करंक’ म्हणत. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त चंद्रापीडाची पत्रलेखा ही तांबूलकरंकवाहिनी आहे, म्हणजे राजपुत्राच्या पानाची पेटी सांभाळणारी. ही सामान्य दासी नव्हे. ती राजपुत्राच्या अंतरंगातील व्यक्ती आहे. आणि ते स्वाभाविकच होते. राजाच्या मुखात जाणारा विडा ज्याच्या हाती, त्याच्या निष्ठेवर राजाचा जीव अवलंबून. पेटीवर विश्वासू माणूस नेमण्याचे हे एक कारण; दुसरे म्हणजे पेटीची निगा हे जाणत्याचे काम आहे.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११३० साली ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना तांबुलभोगास स्वतंत्र प्रकरण दिले आहे. १४४३ साली इराणच्या दरबारातून आलेला वकील अब्दुर्रझाक विजयनगरास पोहोचला, तेव्हा राजाने त्यास पान आणि कापूर देऊन गौरविले. पुढे मराठी दरबारातही भेटीचा शेवट विड्यांनीच होई. अत्तर आणि विडे हाती पडले की निरोप झाला, हे जाणत्याने ओळखावे. ‘विडा उचलणे’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार याच दरबारी रीतीची आठवण आहे. अवघड कामगिरी स्वीकारणारा वीर शब्द देत नसे, पान उचलीत असे.

परंतु पान टिकविण्याची सर्वात स्पष्ट नोंद आढळते ती अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त. अबुल फजलने पानांच्या जाती सांगितल्या आहेत. त्यांत आपल्या परिचयाचे कपुरी पान आहे आणि बंगलाही आहे. शिवाय दोनशे पानांच्या जुडीस ‘ढोली’ म्हणतात हे तो नोंदवितो. आणि पुढे सांगतो की हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी पाने उलटून पुन्हा रचतात, उन्हाळ्यात मात्र रोज. या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. पेटी कितीही मोलाची असो, पानाला माणसाचा हात लागतो. आजचा तांबोळीही सकाळी दुकान उघडताच प्रथम कवळी सोडतो, पाने चाळतो, डागी पान बाजूस काढतो, आणि मगच उरलेली ओल्या फडक्यात गुंडाळतो.

समुद्रापलीकडचे पान

आता दुसऱ्या पानाकडे वळू. १४९२ साली कोलंबसाच्या खलाशांनी पश्चिमेकडील बेटांवर लोकांना पानांच्या गुंडाळ्या पेटवून धूर ओढताना पाहिले. ते तंबाखूचे पान. पोर्तुगीजांबरोबर ते हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. आपला ‘तंबाखू’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला आहे. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापुराहून परतला, तो तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, हकिमांनी विरोध केला, तरी सरदारांना त्याची चटक लागलीच. १६१७ साली जहांगिराने बंदी घातली; ती कागदावरच राहिली.

याच पोर्तुगीजांच्या गोव्यात याच्या उलट घडले. तंबाखू आणणाऱ्या सत्तेने आपल्या पानावर बंदी घातली. १७३६ साली गोव्याच्या धर्मन्यायसभेने जो हुकूमनामा काढला, त्यात लग्नकार्यात विडा-सुपारी वाटण्याची चाल ख्रिस्ती झालेल्या प्रजेस निषिद्ध ठरविली. पानात धर्म आहे हे त्या सत्ताधाऱ्यांनी बरोबर ओळखले होते. पण घरातील चाल हुकमाने मरत नाही. नदीपलीकडे ज्यांनी आपले देव नेले, त्यांच्या कोंकणी बोलणाऱ्या घरांत पान आणि फोफळ राहिले. आजही गोमंतकातील देवळात देवापुढे विडो ठेवतात आणि सौंसरास विडा ठेवतात. एका स्वराचा फरक, बाकी सगळे एक.

तंबाखूची गुंडाळी म्हणजे चिरूट. हा शब्द मूळचा तमिळ, ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळलेले. इंग्रजांनी आणि पोर्तुगीजांनी तो आपापल्या भाषेत नेला, आणि आपल्याकडे तो मराठी होऊन बसला. दक्षिणेत त्रिचनापल्ली आणि दिंडीगल ही चिरुटांची गावे प्रसिद्ध झाली. मद्रासच्या स्पेन्सर कंपनीचे दिंडीगलचे चिरूट गोऱ्या साहेबांच्या टेबलांवर असत. युरोपात चिरुटांची आवड स्पेनमधून पसरली. १८०८ ते १८१४ या काळात तेथे लढलेले इंग्रज सैनिक ती मायदेशी घेऊन गेले. मग प्रश्न उभा राहिला : क्यूबासारख्या दमट बेटावर वळलेला चिरूट लंडनच्या शेकोटीशेजारी वाळून त्याचा भुगा होतो, त्याचे काय करावे?

ह्यूमिडॉर म्हणजे काय

या अडचणीतून जी पेटी निघाली तिला ‘ह्यूमिडॉर’ म्हणतात. हा शब्द सुमारे सव्वाशे वर्षांपेक्षा जुना नाही. लाकडाची जाड पेटी, घट्ट बसणारे झाकण, आतून विशिष्ट लाकडाचे अस्तर, ओलावा सोडणारी एक डबी आणि आर्द्रता दाखविणारे घड्याळवजा यंत्र, एवढा तिचा संसार. आत सापेक्ष आर्द्रता शेकडा ६५ ते ७० आणि उष्णता १८ ते २१ अंशांच्या आसपास राखावी लागते. आर्द्रता वाढली तर बुरशी, घटली तर पानातील सुगंधी तेले उडून जातात. उष्णता २४-२५ अंशांपलीकडे गेली तर तंबाखूतील भुंगेऱ्याची अंडी फुटून किडे चिरुटास छिद्रे पाडतात.

अस्तराचे लाकूड ‘स्पॅनिश सीडर’ म्हणून विकले जाते. नाव फसवे आहे. ते स्पेनचे नव्हे आणि देवदाराच्या कुळातीलही नव्हे. ते अमेरिकेतील झाड असून निंबाच्या कुळात मोडते. त्याचा सख्खा आप्त आपल्याकडे आहे, तो म्हणजे तूण. तुणीचे तांबूस, सुगंधी, कीड न लागणारे लाकूड आपल्याकडेही चहाच्या आणि चिरुटांच्या पेट्यांसाठी वापरले गेले. नवी पेटी घेताना जाणते लोक झाकण थोडे उंचावून सोडतात. ते धाडकन न आदळता आतील हवेवर तरंगत हळू बसले तर सांधे पक्के. यंत्राची परीक्षा तर मिठाने होते. थोडे मीठ पाण्याने ओले करून यंत्रासह बंद डब्यात एक दिवस ठेवावे. शेकडा ७५ चा आकडा दिसला पाहिजे. तितका दिसला नाही तर यंत्र खोटे. आणि नव्या पेटीत चिरूट लगेच भरीत नाहीत. आधी तिच्या लाकडास काही दिवस ओलावा पिऊ देतात, नाहीतर लाकूडच चिरुटाचा ओलावा ओढून घेते.

अशा पेटीच्या मोहाची एक कथा प्रसिद्ध आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना विनोदी नट मिल्टन बर्ल याने १९६१ साली एक ह्यूमिडॉर भेट दिला. पुढच्याच वर्षी केनेडींनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली. पण त्याआधी आपल्या प्रसिद्धी-सचिवाकडून क्यूबाचे बाराशे चिरूट मागवून घेतले, असे त्या सचिवानेच पुढे सांगितले. ती पेटी १९९६ साली लिलावात ५,७४,५०० डॉलरना गेली. मोल पेटीचे नव्हते, ती ज्याच्या टेबलावर होती त्याचे होते. आपल्याकडील करंकाचे मोलही पूर्वी असेच ठरत असे.

मेलेले पान आणि जिवंत पान

दोन्ही पेट्यांचे काम एकच दिसते, पानातील ओलावा राखणे. परंतु येथेच मुख्य भेद आहे, आणि देवस्थानाच्या पंचमंडळींचा प्लास्टिकचा डबा का फसला याचे उत्तरही येथेच आहे. तंबाखूचे पान वाळविलेले, मुरविलेले, म्हणजे मृत असते. ते हवेतील ओलावा घेते आणि सोडते, एवढेच. म्हणून त्यास बंद पेटी मानवते. विड्याचे पान खुडल्यावरही जिवंत असते. ते श्वास घेते, उष्णता आणि वाफ बाहेर टाकते. घट्ट डब्यात ती वाफ झाकणाला लागून पाणी होते, पाणी पानावर ठिबकते, आणि पान सडते. ह्यूमिडॉरचे झाकण जितके घट्ट तितके चांगले. पानाच्या डब्याचे झाकण सैल असावे लागते.

दुसरा भेद हवामानाचा. ह्यूमिडॉर थंड देशाच्या गरजेतून जन्मला. त्यास ओलावा देता येतो, थंडावा देता येत नाही. जाम खोऱ्यात वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत होते, आणि आषाढात तीच हवा इतकी ओली होते की मीठ पाझरते. अशा ठिकाणी कोरी चिरूटपेटी उन्हाळ्यात किडे पोसेल आणि पावसाळ्यात बुरशी. आपल्या आजीने मात्र पाने धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळली, फडके ओले केले आणि डबा माठाशेजारच्या सावलीत ठेवला. फडक्यातील पाणी वाळताना उष्णता ओढून घेते. ओलावा आणि थंडावा दोन्ही एकाच फडक्याने साधतात. हवा जितकी कोरडी तितका हा थंडावा अधिक, म्हणजे गरज सर्वात जास्त तेव्हाच उपाय सर्वात प्रभावी. पावसाळ्यात तीच बाई फडके पिळून जवळजवळ कोरडे करी. यंत्र नव्हते, बोटांना कळत होते.

डबा पारखण्याची रीत

तेव्हा देवाच्या किंवा घरच्या पानांसाठी डबा घ्यावयाचा तर काय पाहावे, ते क्रमाने सांगतो.

प्रथम कल्हई. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ओल आणि आंबटपणा लागला की त्यावर हिरवा कळंक चढतो, आणि तो पोटात जाऊ नये. म्हणून आतून कथिलाचा अखंड, चंदेरी लेप हवा. परीक्षा सोपी आहे. पांढरे फडके ओले करून रात्रभर डब्यात ठेवावे. सकाळी त्यावर हिरवट छटा किंवा धातूचा वास आला तर डबा कल्हईवाल्याकडे न्यावा. चिरूटपेटीची परीक्षा मिठाने, आपल्या डब्याची फडक्याने.

दुसरे, आतील जाळी. पाने तळाला टेकू नयेत. खाली साचलेले पाणी देठांना लागले की कूज तेथूनच सुरू होते. छिद्रांचे उचलते ताट असलेला डबा उत्तम. तिसरे, उंची. डबा रुंद आणि उथळ असावा. उंच डब्यात खालची पाने वरच्यांच्या भाराने दबतात आणि पुजारी ती चाळण्याचा कंटाळा करतो. चौथे, चुनाळे. चुना पानाला जाळतो. म्हणून त्याची डबी निराळी, झाकणाची आणि शक्यतो बाहेर असावी. पाचवे, सांधे आणि बिजागरी. बिदरचे जस्ताच्या काळ्या धातूवर रुप्याचे जडाव केलेले पानदान पाहून डोळे निवतात; पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या अडकित्त्यांचे आणि घरगुती भांड्यांचे वैभव आहे. पण नित्य वापराच्या डब्यावर नक्षी जितकी खोल तितकी घाण साचते. चिंचेने घासता येईल, हात सहज कोपऱ्यात जाईल, असा साधा घाट बरा.

आणि सहावी गोष्ट, जी कासाराने नव्हे तर घरधन्याने ठरवावयाची. जुन्या डब्यांत एक कप्पा तंबाखूचा असे. ‘मानसोल्लास’च्या तांबुलात तंबाखू नाही, कारण ते पान तेव्हा या देशात नव्हतेच. ते शेवटी आले आणि पाहुण्यासारखे न राहता घरमालक झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८५ साली तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक ठरविला. २००४ साली तंबाखूविरहित विडा आणि सुपारी यांविषयीही तोच निर्णय दिला. २०१२ साली मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. तांबुलाचा गौरव करणाऱ्याने ही गोष्ट लपवू नये. देवापुढे पान आणि सुपारी ठेवणे हा उपचार आहे. दिवसभर तोंडात तोबरा धरणे हे व्यसन आहे. पूर्वीच्या राजांचा विडा हाही मानाचा विडा होता, मोजून दिलेला. त्या मोजणीत जो विवेक होता तो आपण हरवला, आणि डब्याला दोष दिला.

शेवटी

पंचमंडळींनी काय केले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. नवा डबा घेतलाच नाही. जुना पितळी डबा उलथा करून पाहिला तेव्हा तळाशी ठोक्यांच्या बारीक खुणा दिसल्या. म्हणजे तो साच्याचा नव्हे, हाताने घडविलेला होता. तो कोठे घडला, कोणी अर्पण केला, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. बिजागरी नवी बसविली. कल्हईवाला शोधण्यास मात्र तीन आठवडे लागले. पूर्वी वर्षातून दोनदा दारी येऊन हाक देणारा तो माणूस आता तालुक्यातही सहज सापडत नाही. त्याने नवसागर टाकून भांडे तापविले, कथिल फिरविले, आणि काळवंडलेला तळ क्षणात चांदीसारखा उजळला. तेथे जमलेल्या मुलांपैकी एकानेही ते दृश्य पूर्वी पाहिले नव्हते.

तंबाखूचा कप्पा होता, तो काढला नाही. त्यात आता कापूर ठेवतात. पाने ओल्या फडक्यात असतात, आणि उन्हाळ्यात रोज, हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी ती चाळावी असे एका वहीत लिहून ठेवले आहे. लिहिणाऱ्यास ठाऊक नव्हते की सव्वाचारशे वर्षांपूर्वी अबुल फजलने हेच लिहिले होते.